मैदानावर सातच जण

१९१४च्या मे महिन्यात केंब्रिजला विद्यापीठाच्या संघासाठी निवड सामना होता. मी तिथला गुणलेखक. लँबर्ट थ्रॉसेल एकोणसत्तर धावांवर खेळत होता. मध्येच तो थांबला, क्षेत्ररक्षक मोजू लागला आणि पंचांना म्हणाला, "चौघं आत गेलेत का? सातच दिसताहेत."

सगळे हसले. अकराही जण जागेवर होते. पुढचा चेंडू त्याने कव्हरच्या मोकळ्या जागेत मारला. तिथे त्याचा जिवलग मित्र ऑब्री क्विलम उभा होता. सोपा झेल.

परतताना थ्रॉसेल माझ्या टेबलापाशी थबकला. चेहरा पांढराफटक. चेंडू हवेतच अडकला, म्हणाला, हात दिसलेच नाहीत.

चहाच्या वेळी मात्र त्याला ते चौघेही दिसत होते. क्विलमने खोदून खोदून विचारलं. डोळ्यांवर ऊन आलं, एवढंच सांगून त्याने विषय संपवला.

ऑगस्टमध्ये लढाई सुरू झाली. नाताळापर्यंत त्या चौघांतले दोघे मारले गेले, मार्चमध्ये तिसरा. तेव्हा थ्रॉसेलने खटपट करून क्विलमच्या पलटणीत बदली मागून घेतली.

पुढचं त्यानेच मला १९१९ साली मैदानाकडेच्या बाकावर सांगितलं. त्याच्या कोटाची डावी बाही रिकामी होती. फ्रान्समधल्या खंदकात एका सकाळी न्याहारी करता करता क्विलम दिसेनासा झाला. आवाज येत होता, पावाचा तुकडा अधांतरी हलत होता. थ्रॉसेलने चाचपडत त्याचा दंड धरला.

"सोड की रे, मी काय पळून चाललोय?" क्विलम वैतागून म्हणाला.

"दुपारी तोफगोळा पडला, मिस्टर टकवेल," थ्रॉसेल मला म्हणाला. "तोवर मी सोडलं नव्हतं."

आधीच सांगायला हवं होतं का, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तेवढे महिनेही तो धड जगला नसता. पण त्याने विचारलं होतं हो."

आता तो नॉरफोकमधल्या एका शाळेत लॅटिन शिकवतो आणि उन्हाळ्यात आठवडाभर क्विलमच्या आईकडे राहतो. गेल्या वर्षी मीही गेलो होतो. जेवताना म्हातारीने त्याच्या ताटातलं मांस कापून दिलं. त्याने बोलता बोलता मिठाचं भांडं शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवलं आणि तिकडे बघून हसला. मी तिच्याकडे पाहिलं. तिने नजर खाली वळवली आणि बटाट्यांचं भांडं माझ्यापुढे केलं.