एका माणसाचं जास्त

शिबिराहून परतले त्या दिवशी दत्तात्रयरावांनी वाढलेलं ताट दोन बोटांनी पुढे सरकवलं आणि म्हणाले, "आजपासून मला तुझ्या हातचं चालणार नाही."

अहल्याबाईंच्या हातात तुपाची वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसानं मीठ जास्त झालं म्हणून तोंड वाकडं केलं होतं, आमटी पातळ झाली म्हणून सुनावलं होतं, पण ताट कधी परत केलं नव्हतं.

"का? बरं वाटत नाही का?"

"दीक्षा घेतली मी. ज्यानं दीक्षा घेतली नाही त्याच्या हातचं अन्न घ्यायचं नाही, असा नियम आहे. तूही घे, म्हणजे प्रश्नच मिटला."

त्याचं असं झालं होतं. बँकेत संगणक आले, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी आपणहून घरी जावं अशी योजना निघाली. दत्तात्रयराव गेले. पहिला महिना पेपर वाचण्यात गेला, दुसरा शेजाऱ्यांना सल्ले देण्यात. तिसऱ्या महिन्यात नर्मदेकाठच्या कुठल्याशा आश्रमाचे महाराज उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये प्रवचनाला आले. रिकाम्या माणसाला कुणी "या साहेब" म्हणून पुढच्या रांगेत खुर्ची दिली, की तो कुठेही जातो, अगदी आश्रमातल्या दीक्षेच्या शिबिरालाही. यात महाराजांचं मोठेपण किती आणि खुर्चीचं किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

अहल्याबाई देवळात फारशा जात नसत. उज्जैनात राहून महाकालाला वर्षातून एकदा जाणारी बाई म्हणून गल्लीत त्यांचं नाव झालं होतं. त्यांचा देवधर्म एवढाच, की स्वयंपाक करताना एका माणसाचं जास्त धरायचं. आईनं तसं शिकवलं होतं. तो जास्तीचा माणूस कोण, ते आपण ठरवायचं नाही. जो येईल तो. घर देवास गेटच्या मागच्या गल्लीत, बसस्टँड हाकेच्या अंतरावर, त्यामुळे कुणी आलं नाही असा दिवस क्वचित. बस चुकलेला यात्रेकरू, परीक्षेला आलेली खेड्यातली मुलगी, बांगड्यावाली. ओसरीत पाट मांडायचा, पान वाढायचं, नाव विचारायचं नाही. रिक्षावाल्या रईसचं नाव त्यांना माहीत होतं, ते त्यानंच सांगितलं म्हणून. भुकेला माणूस पहिला घास घेतो आणि त्याचे डोळे आपोआप मिटतात ना, तेवढ्यात अहल्याबाईंना जे मिळायचं ते मिळून जाई. त्याला देव म्हणायचं की आणखी काही, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

ताट परत गेल्याच्या तिसऱ्या दिवशी शैला आली. तिचे मिस्टर दत्तात्रयरावांच्याच बँकेतले आणि दोघंही महाराजांच्या सत्संगातले. तिनं पर्समधून छापील फॉर्म काढला. पहिली अट कांदा-लसूण सोडायची. ते अहल्याबाईंनी सोडलं असतं. दुसरी पहाटे उठून नामजप. पहाटे त्या तशाही उठत. तिसऱ्या अटीवर त्यांचं बोट थांबलं. घरच्या चुलीवरचं अन्न आणि घरची भांडी पंथाबाहेरच्या कुणाला द्यायची नाहीत.

"म्हणजे ओसरीतलं पान बंद?"

"दान बंद नाही वहिनी. आश्रमाचं अन्नछत्र आहे, तिकडे शिधा पाठवायचा. रसीद पण मिळते."

"आणि दारात कुणी भुकेला आला, तर त्याला रसीद दाखवू?"

"तुम्ही पण ना," शैला हसली. "सोच लो. भाईसाहेबांचे किती हाल होताहेत, बघा तरी."

हाल होत होतेच. दत्तात्रयरावांनी मागच्या पडवीत रॉकेलचा स्टोव्ह मांडला होता. या माणसानं जन्मात कधी उतू न घालवता दूध तापवलं नव्हतं. खिचडी खालून जळायची आणि वरून कच्ची राहायची. कुणाच्या हातचं खाऊ नये ते महाराजांनी सांगितलं होतं. स्वतःच्या हातचं कसं खावं ते सांगायचं राहून गेलं होतं. दोन आठवड्यांत त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

अहल्याबाईंच्या जिवाची घालमेल होई आणि त्याहून जास्त संताप होई. याच हातांनी सासूबाईंचं अठरा वर्षं पथ्यपाणी केलं. याच हातांनी या माणसाला टायफॉइडमध्ये पेज भरवली. तेव्हा हे हात चालत होते. मग आता त्यांना काय झालं? कुठला कोण तो महाराज, कधी कुणाच्या पानात चमचाभर वरण वाढलं असेल तर शपथ, आणि तो माझ्या चुलीवर विटाळ ठरवणार? समोर दोनच वाटा होत्या. येणाऱ्याला उपाशी घालवायचं, नाहीतर नवऱ्याला उपाशी बघायचं. ही निवड देवानं समोर ठेवली असं त्यांना एकदाही वाटलं नाही. माणसांचा उद्योग होता तो, आणि त्याला देवाचं नाव दिलेलं होतं.

शेजारीण म्हणाली, "भाभी, ले लो ना दीक्षा, अपना क्या जाता है." पुण्याहून लेकीचा, शर्वरीचा फोन आला. ती म्हणाली, "आई, नावापुरती घे गं. मनात काय ठेवायचं ते ठेव."

"आणि येणाऱ्याचं पान?"

"ते बाबा सत्संगाला गेले की वाढत जा."

अहल्याबाईंनी फोन ठेवून दिला. देवाच्या नावानं खोटं बोलायला सगळे एका पायावर तयार होते.

बाविसाव्या दिवशी त्यांनी भरली वांगी केली होती. वास पडवीपर्यंत गेला असणार, कारण दत्तात्रयराव स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. गालफडं बसली होती. खाली बघत म्हणाले, "वाढ मला."

अहल्याबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. काही न विचारता त्यांनी पाट मांडला, ताट घेतलं, वांगं वाढलं, वरून तेलाची तर्री घातली. आता भात वाढणार, तोच दत्तात्रयराव म्हणाले, "आधी ते ओसरीचं दार लाव. खिडकी पण. शैलाचे मिस्टर या वेळी इथूनच जातात. आणि कुठं बोलू नकोस. शर्वरीला सुद्धा नाही."

भाताचा चमचा हातातच राहिला.

"चोरून जेवणार?"

"चोरून कसलं? मनानं मी कुठे बदललोय? नियम चार लोकांसाठी असतो. आपण आपलं घरात…"

"थांबा," अहल्याबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चमचा त्यांनी परत भातात रोवला. "तुम्ही हे खरं मानत असता ना, तर मी तुमच्या कच्च्या खिचडीला हात जोडले असते. जन्मभर वेगळी चूल सोसली असती. बावीस दिवस मी हेच समजून राहिले, की माणूस निदान मनापासून करतोय. आणि तुम्ही चार लोकांसाठी मला बाटलेली ठरवलीत?"

"अगं, हळू बोल."

"रस्त्यावरचा अनोळखी माणूस माझ्या ओसरीत उघड्या दारानं जेवतो. माझ्या नवऱ्याला दार लावावं लागतं. माझं अन्न काय चोरीचं आहे?"

बाहेर स्कूटर वाजली. दत्तात्रयराव पाटावरून असे उठले की पाट सरकला. ती स्कूटर दुसऱ्याच कुणाची होती, पुढे निघून गेली. ते मात्र भिंतीला लागून उभेच राहिले, आणि अहल्याबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढी लाज त्यांना या माणसाची कधी वाटली नव्हती.

"उद्यापासून तुमच्या नावाचं धरणार नाही मी," त्या म्हणाल्या. "माझं एक धरीन, आणि येणाऱ्याचं एक. तुम्ही आलात तर ते तुमचं. दीक्षा घेतली का, कुणाचे कोण, काही विचारणार नाही. पण ओसरीत बसायचं, उघड्या दारानं."

ताट त्यांनी उचललं आणि ओसरीत नेऊन ठेवलं. दत्तात्रयराव पडवीत गेले. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

दुसऱ्या दिवशी अहल्याबाईंनी दोघांची कणीक मळली. तिसऱ्याची काढायला हात सवयीनं डब्यात गेला होता, पीठ तसंच परत टाकलं. साडेबाराला रईस आला, ओसरीत बसला आणि जेवू लागला.

एक वाजता दत्तात्रयराव बाहेर आले. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा, केस विंचरलेले. दार सताड उघडं होतं. ते ओसरीत येऊन उजेडात उभे राहिले. समोरून शैलाच्या मिस्टरांची स्कूटर गेली, जराशी थबकलीही. दत्तात्रयरावांनी हात वर करून नमस्कार केला, पण जागचे हलले नाहीत.

रईस घास हातात घेऊन अर्धवट उठला. "साब, आप बैठ जाओ. मेरा तो हो गया."

"तू बैठ. आराम से खा," अहल्याबाई म्हणाल्या आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. मग नवऱ्याकडे वळल्या.

"आजचं पान गेलं," त्या म्हणाल्या. "उद्या जरा लवकर या."