सेहरीचं सरबत

नोकरीच्या पहिल्याच वर्षात बुशराने एक सरबत बनवलं, आणि बनवलं ते अगदी झोकात. कोकम, सब्जा, मीठ आणि सढळ हाताने पोटॅशियम. पहाटे रोजा सुरू होण्याआधी सेहरीला एक पेला प्यायचा, की दिवसभर रोज्यात तरतरी. कंपनीच्या शिरवण्याच्या लॅबमध्ये तिच्या निशांत साहेबांनी ते चाखून मिटक्या मारल्या.

"पुढच्या रमजानला बाजारात आणू. या रमजानला आधी पाजून बघू, तुझ्या ओळखीतल्या रोजेदार बायका गाठ. पण धडधाकट हव्यात हां, गोळ्याबिळ्या चालू असलेली एकही नको. हे जमलं की तू परमनंट."

बायका जमल्या, पण ऐनवेळी वाशीच्या मामीने अंग काढून घेतलं. आमच्यावर कसले प्रयोग करतेस, म्हणाली. तेव्हा बुशराची आई शरीफा पुढे झाली. "मी पिते ना. त्यात काय?"

शरीफाला रोज रक्तदाबाची गोळी होती. त्या गोळीबरोबर पोटॅशियम अंगात साठत जातं, हे बुशराने परीक्षेसाठी घोकलं होतं. एका पेल्याने काय होतंय, असं तिने स्वतःला सांगितलं. शिकलेल्या माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागत नाही.

रोज इफ्तारला ती विचारायची, "अम्मी, आज कसं वाटलं?"

"एकदम मस्त. तहान म्हनून नाय लागली."

खोटं, साफ खोटं. शरीफाच्या पायांतलं त्राण गेलं होतं, नमाज ती आता खुर्चीवर बसून पढत होती. पण लेकीच्या सरबताला नावं ठेवणं म्हणजे लेकीच्या पोटावर पाय देणं, असा तिचा हिशेब. उलट गुण लवकर दिसावा म्हणून ती दोन-दोन पेले पिऊ लागली. लॅबमधून आणलेली सरबताची पाकिटं भराभर संपत होती. बुशराला खुर्ची दिसली, पाकिटंही दिसली. तिने नवीन पाकिटं आणून ठेवली आणि आईचं "एकदम मस्त" साहेबांना कळवलं. साहेब खूश झाले.

एका दुपारी शरीफा ओट्यापाशीच कोसळली. दवाखान्यात तिला मॉनिटर लावला, सलाईन चढवलं. संध्याकाळी ती शुद्धीवर आली. डॉक्टर शुभदा मॅडम तिच्या उशाशी उभ्या राहिल्या.

"पोटॅशियम इतकं वाढलं कशाने? काही पावडर, सरबत, काढा घेत होतात का? लपवू नका. कारण कळलं नाही तर घरी गेल्यावर पुन्हा हेच होईल, आणि तेव्हा कदाचित हातात काही उरणार नाही."

शरीफाने आधी लेकीकडे पाहिलं. "काय नाय डॉक्टर. रोज्याचे दिवस, खजूर जास्त खाल्ले."

मॅडमना ते पटलं नाही. त्या बुशराकडे वळल्या. "तुम्ही यांच्याबरोबरच राहता ना? तुम्ही सांगा."

बुशराने मनात हिशेब मांडला. खरं सांगितलं तर सरबत गेलं, नोकरी गेली, आणि गोळीचं ठाऊक असूनही आईला पाजलं हे जगासमोर आलं. शरीफा नुसती मान हलवत होती, नको बाय, नको म्हणून.

"खजूरच," बुशरा म्हणाली. "फार आवडतात तिला."

मॅडमनी नर्सला खजूर बंद करायला सांगितले आणि त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. शरीफाने सुई टोचलेल्या हाताने लेकीचा हात थोपटला. बुशराला रडू आलं, पण ते नंतर. आधी तिला हायसं वाटलं.