घरटी एकच

द्रौपदीबाईंना आयुष्यात वर्गणी ठाऊक होती ती एकच, जयंतीची. पेपरवाले आपल्या वर्षाच्या किमतीलाही वर्गणीच म्हणतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. आता स्वतःचा पोरगा साप्ताहिक काढतो आणि आईला एवढं माहीत नसावं, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. घरच्या पेपरवर किंमत कुठल्या कोपऱ्यात छापलीय, हे कोण बघत बसतं? हलवायाच्या घरात कुणी पेढ्याचा भाव विचारतं का?

पण जयंतीची वर्गणी म्हणाल, तर त्यात द्रौपदीबाईंचा हात धरणारं अंबरनाथमध्ये कुणी नव्हतं. पश्चिमेला, नाल्याच्या अंगाला त्यांची वस्ती. नवरा भीमराव गेले तेव्हापासून जयंती मंडळाची खजिनदारकी त्यांच्याकडे. नियम एकच: घरटी जी ठरेल ती. कमी चालेल, जास्त घ्यायची नाही. कमी देणाऱ्याला कुणी बोलायचं नाही आणि जास्त देणाऱ्याला सरळ हात जोडायचे.

हा नियम काही पुस्तकातून आला नव्हता. एका वर्षी एका ठेकेदाराने मंडपाचा सगळा खर्च एकट्याने उचलला. लोक खूश. मग स्टेजवर मधली खुर्ची त्याची, पहिलं भाषण त्याचं, आणि ते भाषण एवढं लांबलं की खिरीवर साय धरली. पुढच्या वर्षी बॅनरवर त्याचा फोटो चक्क बाबासाहेबांच्या फोटोएवढा. तेव्हा द्रौपदीबाईंनी भर मिटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "ह्याच्यापुढं घरटी एकच. नाहीतर पुढच्या साली जयंती कुणाची आहे तेच कळायचं नाही." तो विषय तिथेच संपला.

त्यांचा मुलगा नरेंद्र. कंपनीतली बरी नोकरी सोडून त्याने 'वालधुनीकाठ' नावाचं चार पानी साप्ताहिक काढलं होतं. उल्हासनगरला लछमनदासच्या प्रेसमध्ये छापायचं आणि अंबरनाथ-बदलापूरच्या स्टॉलवर टाकायचं. लोक वाचायचे भरपूर, विकत घ्यायचे थोडे. सलूनमध्ये एक अंक आला की अख्खी गल्ली फुकटात वाचायची, आणि वर नरेंद्रला रस्त्यात अडवून म्हणायची, "भाऊ, एकदम झकास लिहिलंय." झकासने कागद येत नाही, हे कुणाच्या डोक्यात येत नव्हतं आणि नरेंद्रच्या तोंडातून निघत नव्हतं. मागणं म्हटलं की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची.

मग पेपर चालायचा कशावर? वाढदिवसांवर. नगरसेवकाचा वाढदिवस, बिल्डरचा वाढदिवस, बिल्डरच्या पोराचा पहिला वाढदिवस. शेवटच्या पानावर हात जोडलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची ही रांग. त्यातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक भगवानशेठ. नगरसेवकही तेच आणि बिल्डरही तेच, त्यामुळे वर्षातून दोनदा जन्मले असते तरी कुणी हरकत घेतली नसती.

साल दोन हजार सात, मे महिना. लोडशेडिंगने जीव नकोसा केलेला आणि वस्तीचे नळ कोरडे. वस्तीसाठी पाण्याचे टँकर सुटायचे, पण पोचायचे नाहीत. नरेंद्रने स्कूटर घेऊन टँकरचा माग काढला, तर टँकर बदलापूर रोडला वळून थेट भगवानशेठच्या नव्या बिल्डिंगच्या साइटवर. वस्तीतल्या बाया हंडे घेऊन रांगेत, आणि त्यांचं पाणी तिकडे शेठच्या सिमेंटमध्ये. नरेंद्रने फोटो काढले, बातमी लिहिली, तयार ठेवली.

असल्या गोष्टीला पाय फुटतात. आठवड्याभरात जाहिरातवाले एकेक करून गळाले. लछमनदाससुद्धा मान खाली घालून म्हणाला, "नरेंद्रभाई, कागज का पैसा इस बार पहले देना पडेगा. बुरा मत मानना." आणि रविवारी भगवानशेठचा माणूस रघु मोटरसायकलवरून घरी आला. चहा प्यायला, द्रौपदीबाईंना मावशी म्हणाला आणि गोड आवाजात बोलला, "नरेंद्रभाऊ, वर्षभर शेवटचं पान शेठचं. पैसे सगळे आगाऊ. फक्त ते टँकरचं राहू द्या. मंगळवारी संध्याकाळी पाकीट घेऊन येतो."

नरेंद्र 'हो' म्हणाला नाही. पण 'नाही'ही म्हणाला नाही, आणि तेच द्रौपदीबाईंच्या काळजाला लागलं. ह्या पोराने नोकरी सोडली तेव्हा त्या रडल्या होत्या, पण घाबरल्या नव्हत्या. आता घाबरल्या. एकदा ते पाकीट घरात आलं की पेपर निघत राहील, नरेंद्रचं नावही वर छापलं जाईल, फक्त आत नरेंद्र नसेल.

"काय अडलंय रे एवढं?" त्यांनी ताट पुढे सरकवत विचारलं.

"वर्गणी, आई. नुसती वर्गणी जमली असती ना, तर त्या शेठच्या तोंडाकडे बघायची पाळी आली नसती." एवढं बोलून तो न जेवताच उठला.

द्रौपदीबाई चाटच पडल्या. वर्गणी जमत नाही? अरे, पण गोळा करायला गेलं कोण होतं? वर्गणी काय आपल्या पायाने चालत येते?

सोमवारी सकाळी त्यांनी शेजारच्या सुंदराबाईंना हाक मारली. जयंतीचं उरलेलं पावतीपुस्तक होतंच. त्यावरच्या 'जयंती उत्सव' ह्या शब्दांवर रेघ ओढून सुंदराबाईंनी ठळक अक्षरात 'पेपर' लिहिलं आणि दोघी निघाल्या. घरटी पंचवीस.

"कसली वर्गणी? जयंती तर झाली," पहिल्याच दाराला सगुणाबाई म्हणाल्या.

"पेपरची. टँकर कुठं जातो ते छापायचंय."

"मग आधी बोलायचं ना," म्हणत सगुणाबाईंनी डब्यात हात घातला.

वस्ती झाली, मग रस्त्यापलीकडची सोसायटी. तिथे विष्णुपंत राहायचे, कारखान्यातले रिटायर ऑफिसर. दर आठवड्याला नरेंद्रचा अंक लाल शाईने तपासून परत पाठवायचा, हा त्यांचा छंद. त्यांनी पाचशेची नोट काढली आणि म्हणाले, "सगळे ठेवा, द्रौपदीबाई."

"घरटी एकच," द्रौपदीबाई म्हणाल्या आणि सुट्टे मोजून त्यांच्या हातावर ठेवले. विष्णुपंतांना जरा राग आला, पण पावती त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवली.

संध्याकाळी द्रौपदीबाईंनी पिशवी नरेंद्रपुढे ठेवली. वाटलं होतं, पोरगा हसेल. पोराचा चेहरा पडला.

"आई, पेपरची वर्गणी म्हणजे वर्षाची किंमत गं. ज्याला पेपर हवा तो आपणहून भरतो. तू जयंतीसारखी दारोदार फिरलीस? लोक म्हणतील, नरेंद्रने आईला भीक मागायला पाठवलं. उद्या सगळ्यांचे पैसे परत करून ये."

भीक हा शब्द द्रौपदीबाईंच्या जिव्हारी लागला. त्यांनी हयातीत कुणापुढे हात पसरला नव्हता. वर्गणी मागणं आणि भीक मागणं ह्यात किती अंतर असतं, हे त्यांना पोराला सांगायचं होतं, पण चूक तर झाली होती. शब्द एक आणि अर्थ दोन, आणि त्यांनी नेमका भलताच उचलला.

मंगळवारी त्या पैसे परत करायला निघाल्या आणि दुसरी चूक झाली. वस्तीत वर्गणी परत येते ती एकाच वेळी, कार्यक्रम रद्द झाला की. हे लहान पोराला माहीत.

"परत? म्हणजे कार्यक्रम रद्द?" सगुणाबाईंनी दारातच विचारलं.

"रद्द नाही गं..."

"मग शेठने पेपर घेतला विकत?"

द्रौपदीबाईंना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्या घडीभर गप्प राहिल्या, आणि तेवढं पुरलं. सगुणाबाईंनी पैसे काही घेतले नाहीत. दुसऱ्या दारात दार लावून घेतलं. तिसऱ्या दारातला बाप्या म्हणाला, "ठेवा मावशी, रडू नका," आणि द्रौपदीबाई रडत नव्हत्या त्या खरंच रडल्या. दुपारपर्यंत 'वालधुनीकाठ' विकला गेला ही बातमी वस्तीतून सोसायटीत आणि सोसायटीतून पार बदलापूरला पोचली होती. नरेंद्रची कुठलीच बातमी आजवर इतकी पळाली नव्हती.

उन्हं कलली तशी माणसं दारात जमायला लागली. कुणी ओट्यावर, कुणी खाली चटईवर. नरेंद्र बाहेर आला आणि बघतच राहिला.

सगुणाबाई पदर खोचून पुढे झाल्या. "काय रे नरेंद्र, आमचे पैसे परत पाठवतोस. शेठचे चालतात, आमचे चालत नाहीत?"

असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

विष्णुपंत काठी टेकत आले. "तुझं व्याकरण कच्चं आहे, ते मी सहन करतो. हे करणार नाही," ते म्हणाले. बदलापूरपलीकडच्या चामटोली गावाहून मधू नावाचा एक भाजीवाला आला होता. त्याने कनवटीची पुरचुंडी सोडून ओट्यावर ठेवली. "आमच्या गावात तुमचे दोन अंक येतात, वाचतात चाळीस घरं. ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांचं आणलंय. फुकट वाचत होतो, खरं सांगायचं तर लाज वाटली."

नरेंद्र पायरीवर खाली बसला. डोळे भरून आले होते, ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही. "मी आईला भीक म्हणालो," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "चुकलो. बातमी जाणार. पहिल्या पानावर जाणार." द्रौपदीबाईंच्या छातीवरचा दोन दिवसांचा धोंडा उतरला. त्यांनी आत जाऊन चहाचं मोठं पातेलं चढवलं.

चहा वाटला जात होता तेवढ्यात रघुची मोटरसायकल आली. एवढी माणसं बघून तो गडबडला, पण हातातलं जाड पाकीट लपवायला जागा नव्हती. नरेंद्र उठायच्या आत द्रौपदीबाई पुढे झाल्या. त्यांनी पाकीट घेतलं, उघडलं, पाचशेची एक नोट काढली आणि पाकीट रघुच्या हातात परत दिलं. मग पिशवीतून चारशे पंचाहत्तर मोजून त्याच्या दुसऱ्या हातावर ठेवले आणि सुंदराबाईंना म्हणाल्या, "शेठच्या नावाने पावती फाड."

"मावशी, हे काय?" रघु म्हणाला.

"घरटी एकच. शेठचं घर एक. जास्त घेत नाही आम्ही."

माणसं हसायला लागली. विष्णुपंत हसता हसता खोकायला लागले, तेव्हा त्यांच्या पाठीवरून मधूने हात फिरवला. नरेंद्र तर असा हसला की चहा शर्टावर सांडला. रघु जायला वळला, मग थांबला. त्याचं घर नाल्याच्या पलीकडे, तिथेही आठ दिवस पाणी नव्हतं. त्याने इकडेतिकडे बघून खिशातून पंचवीस काढले आणि हळूच म्हणाला, "माझी पावती नको, मावशी. नुसतं लिहून घ्या."

शुक्रवारी अंक निघाला. पहिल्या पानावर टँकर, त्याचा नंबर, मागे शेठच्या बिल्डिंगचा बोर्ड. शेवटच्या पानावर कुणाचाच वाढदिवस नव्हता. घरोघरी अंक टाकायला वस्तीतली पोरं होती, पण एक अंक द्रौपदीबाईंनी स्वतःकडे ठेवला आणि इस्त्रीचं लुगडं नेसून त्या भगवानशेठच्या बंगल्यावर गेल्या. वर्गणी घेतली होती. अंक पोचवायलाच हवा.

भगवानशेठ झोपाळ्यावर होते. पहिलं पान बघून झोपाळा थांबला. बराच वेळ ते वाचत राहिले. मग पेपरची घडी घालून अगदी समजूतदार आवाजात म्हणाले, "मावशी, नरेंद्र पोरसवदा आहे. ह्या पेपरचा खरा मालक कोण आहे, ते सांगा. मी त्याच्याशी बोलतो."

"मालक होय?" द्रौपदीबाई म्हणाल्या. "घरटी एक आहे. एक तुम्हीपण आहात, पावती पाठवलीय रघुकडे. रविवारी मालकांची मिटिंग आहे आमच्या ओट्यावर, तुम्ही पण या. फक्त खुर्ची मिळायची नाही, सगळे चटईवर बसतात."

आणि पायरीवरच्या चपला पायात सरकवून त्या घराकडे निघाल्या.