वरून एक हात

माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, काही सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या आमच्या घरात विटांचं धुराडं जिथे छपराला भेटतं, तिथे शिशाची पट्टी आहे. शिसं उन्हात पसरतं, थंडीत आखडतं. मग सांध्यातलं सिमेंट निखळतं आणि पाणी आत शिरतं. सांधा खरवडून पट्टी पुन्हा विटांमध्ये खोचायची आणि सांधा नव्याने भरायचा, एवढाच इलाज. पण पुण्यात सासरे दरवर्षी गच्चीला डांबर फासायचे, म्हणून हाही दर ऑटममध्ये शिडीवर चढून पट्टीवर डांबर फासायचा. त्याला भेगा पडायच्या आणि आत गेलेलं पाणी डांबराखाली अडकून भिंतीत मुरायचं.

ती भिंत सासूबाईंच्या उशाशी. बुरशीने ती काळी पडत गेली, त्यांचा दमा वाढत गेला. छप्पर दुरुस्त करणारा रूफर बोलवूया म्हटलं की हा उसळायचा, "आमच्या बाबांनी कधी माणूस लावला नाही!"

फेब्रुवारीत सासूबाई न्यूमोनियाने गेल्या. भेटायला माणसं येणार, तेव्हा कुठे रूफर आला. पट्टी नीट बसवून तो बजावून गेला की भिंत वाळायला महिने लागतील, तोवर रंग लावू नका. मिलिंदने दुसऱ्याच दिवशी पांढरा रंग दिला आणि तिथेच आईंचा फोटो लावला.

काल हार बदलायला मी फोटो उतरवला. मागे बुरशी पुन्हा आली होती.

"बघ," मी म्हटलं, "तुझ्या आईला खाल्लं ते हिनेच."

"काही नाही गं," तो म्हणाला, "वरून एक हात मारतो." आणि ब्रश शोधायला गेला.