पट्टी बांधलेलं प्रवाळ

तेलगावच्या घरात पाऊल टाकताच शिवांजलीच्या नाकात भपकारा शिरला. सडक्या मासळीचा वास, आणि तोही लिंगायताच्या देवघरातून! बसम्माकाकूंनी उदबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवला होता. त्यानं वास मरायचा सोडून जास्तच किळसवाणा झाला होता.

"देवाला समुद्राचा वास येतोय बग," काकू कौतुकानं म्हणाल्या.

चौरंगावर पांढरंशुभ्र प्रवाळ होतं. डोक्यावर बेल, बुडाशी पिवळी प्लास्टिकची पट्टी. ती पट्टी शिवांजलीनंच मे महिन्यात लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात बांधली होती.

यंदा समुद्र असा तापला, की प्रवाळांच्या अंगातलं तपकिरी शेवाळ निघून गेलं आणि ती पांढरी पडली. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. पाणी निवून शेवाळ परतलं, तर ते जगतं. आजूबाजूची एकेक मरत गेली, तिचं हे एकच तग धरून होतं. ते सावरतंय का, यावर तिचं सगळं संशोधन अडलं होतं. पावसाळाभर समुद्र बंद. दिवाळी करून ती जाणारच होती. त्याआधी तिचे चुलते वैजिनाथअप्पा गावच्या मंडळींसोबत तिकडं फिरून आले. परवाने तिनंच मिळवून दिले होते.

"अप्पा, हे कावून तोडलंत?"

"तोडलं काय म्हन्तीस? देव आनलाय. भस्म फासलेला शंभूच हाय! तितं लई व्हते, पर तुजी पट्टी बांधलेला येकच. म्हनलं, पोरीनं निवडून ठिवलाय."

काकूंनी त्याच्यावरून काढलेल्या तीर्थाची वाटी पुढं केली. वर बुळबुळीत तवंग होता. नुसत्या सांगाड्याला असा वास येत नाही, म्हणजे तोडलं तेव्हा ते जिवंत होतं. शिवांजलीला त्या वाटीची शिसारी आली, बेलाची आली, आणि हात जोडून उभ्या अप्पांच्या तृप्त चेहऱ्याची तर सगळ्यात जास्त आली.

"हे जितं होतं, अप्पा. आता सडतंय."

"जितं?" अप्पांचे डोळे चमकले. "मंग तर जागृत हाय की!"

ती वाकून प्रवाळ निरखू लागली. "आणलं तेव्हा असंच पांढरं होतं का?"

"न्हाई गं. आंगावर समदीकडं तपकिरी डाग उठल्याले. इबूत लावून ब्रशानं रोज घासला, तवा कुटं असा लख्ख झाला."