बिनमिठाचे तीन आठवडे

म्हसावदच्या भटू पाटलांचा जांघेतला अंतर्गळ वर्षभर वाढत होता. १९३६ च्या हिवाळ्यात एका सकाळी गाठ आत जाईना, तेव्हा मंगलाबाईंनी नवऱ्याला बैलगाडीत घालून नंदुरबारला डॉक्टर रतिलाल यांच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टरांनी हलक्या हातानं गाठ आत सारली. मग सुजलेल्या पायावर बोट दाबलं, तर खळगा पडला. छातीला नळी लावून ते बराच वेळ ऐकत राहिले.

"ऑपरेशन करावंच लागेल. पण हृदय थकलंय, क्लोरोफॉर्म सोसणार नाही. आधी तीन आठवडे इथे पडून राहायचं."

रोज औषधाचे मोजके थेंब, पाठीला तीन उशा, आणि जेवणात मीठ बंद. चौथ्या दिवशी भटूंनी ताट सरकवलं.

"बिगर मीठनी भाकर कशी खावानी?"

मंगलाबाईंनी आपल्या ताटातला तुकडा त्यांच्या तोंडात घातला. तोही अळणीच.

"तू बी?"

"मंग? मी बी तीच खाई ऱ्हायनी ना."

भटूंनी ताट पुढे ओढलं.

सूज उतरली. एका उशीवर झोप लागू लागली. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी फक्त जागा बधिर करायची सुई दिली. पण टेबलावर भटूंचा धीर सुटला.

"नाडी फार धावतेय, साहेब," मनगट धरलेला कंपाउंडर गोवाल म्हणाला.

डॉक्टरांनी हात थांबवले. मंगलाबाईंना आत बोलावून उशाशी बसवलं. "यांच्याशी बोलत राहा. काहीही बोला."

परक्या पुरुषांपुढे त्यांनी आधी पदर सावरला. मग त्या वाकून म्हणाल्या, "आपला लगनमा किती गाड्या व्हत्यात?"

"सात."

"पाचच तर व्हत्यात!"

"सात! मामान्या दोन मांगे व्हत्यात. तू डोकावर पदर लिसन बठेल, तुले काय दिसस?"

गोवालनं मान डोलावली. नाडीचा वेग उतरत होता. डॉक्टरांनी सुरी उचलली. मध्येच एकदा भटूंचे ओठ निळसर झाले. डॉक्टर थांबले, श्वास सावरेपर्यंत वाट पाहिली. मंगलाबाई बोलतच राहिल्या.

शेवटचा टाका पडला तेव्हा भटूंच्या मुठीत मंगलाबाईंचा पदर होता. सगळ्यांदेखत. त्यांनी तो सोडवला नाही. भटूंना खाटेकडे नेताना त्याही तशाच वाकून चालत गेल्या.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी दोघं गाडीत बसून घरी परतले.