सुकूच्या मुठीतली मिशी

आठ महिन्यांच्या सुकूला पाळणा चालत नसे, अंगाई चालत नसे. झोपायला आजोबांची मिशी लागे. गुरुबसप्पांच्या मांडीवर पडायचं, ती पांढरी झुपकेदार मिशी मुठीत धरायची, दोनदा ओढून खात्री करायची, की मिटले डोळे. दुपारचा तो एक तास सुकूच्या आईचा, शिवलीलाचा. त्यात ती न्हायची, भाकरी गरम असताना खायची आणि उरल्या वेळात तलाठी परीक्षेचं पुस्तक उघडायची.

आणि सासऱ्यांनी लोकसभेला नेमकी तीच मिशी लावली पणाला! खालच्या मजल्यावरच्या तिप्पण्णांशी पैज: ज्याचा उमेदवार पडेल, त्यानं मिशी उतरवायची.

"मामा, पुन्हा मिशी येईपर्यंत ही झोपणार कशी?"

"आपला पडतच न्हाय, यव्वा!"

शिवलीला लंगोट वाळत घालायला सटकली. कारण तिनं बटण दाबलं होतं ते तिप्पण्णांच्या उमेदवाराचं. नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि लंगोट तर रोजचे. पाण्याचं तोच काय ते बोलला होता.

निकालाच्या दिवशी सकाळी आठलाच टीव्ही लागला. पहिल्या फेरीत सासऱ्यांचा पुढं. चौथ्या फेरीत मागं. आपण निवडलेला माणूस पुढं सरकला की शिवलीलाची नजर सासऱ्यांच्या मिशीवर जायची. देव्हाऱ्यापुढून जाताना ती पुटपुटली, "सिद्धेश्वरा, मत दिलं ते दिलं, पण आज तेवढं मनावर घेऊ नकोस!"

त्यानं घेतलं. दुपारपर्यंत गुरुबसप्पांचा उमेदवार गार झाला. पण माणूस शब्दाचा पक्का. चपला घातल्या, कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडं गेले आणि आले ते उपरण्यानं तोंड झाकून. उपरणं काढलं. जुनं कॅलेंडर काढल्यावर भिंतीवर गोरा चौकोन निघतो ना, तसा ओठ!

सुकूनं ओठावर हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग असा टाहो फोडला की जिन्यातलं कुत्रं उठून गेलं.

"अगं, मीच हाय की! तुझा अज्जा!"

पटेना. भुवया देऊन झाल्या, शेंडीएवढे उरलेले केस देऊन झाले. शिवलीलाचा तास रडण्यात वाहून चालला होता, आणि ह्या पापात आपलंही एक मत आहे, हे तिला आतून टोचत होतं.

तेवढ्यात पेढ्यांचा पुडा घेऊन तिप्पण्णा दारात उभे. ओठावर कलप लावलेली, पीळ दिलेली विजयी मिशी. "काय गुरुबसप्पा, गार वारं लागतंय का?"

सुकूचा हुंदका अर्ध्यावरच थांबला. तिनं दोन्ही हात पुढं केले. तिप्पण्णा कौतुकानं वाकले, आणि मिशी मुठीत गेली. दोनदा ओढली. डोळे मिटले.

"आई गं... सोडवा की हिला," तिप्पण्णा कुजबुजले.

"हलू नको. उठली तर तुला सोडत न्हाय," गुरुबसप्पाही कुजबुजले. "हितं मांडी घाल."

"घरात पावणं आल्यात रं! किती वेळ?"

"एक तास. उद्याबी यायचं. परवाबी."

"आन् किती दिवस?"

"निवडून आलायस न्हवं? पाच वर्षं!"

शिवलीलानं तिप्पण्णांच्या पाठीशी उशी दिली, पंखा त्यांच्याकडं वळवला आणि त्यांच्याच पुड्यातला एक पेढा तोंडात टाकून आत जाऊन पुस्तक उघडलं. पाण्याचं बघू पुढं. तास तर आला.